विठाबाईचे समुद्रावरचे चार दिवस

भूमच्या मुलींच्या शाळेत मुली मुख्याध्यापिकेला जेवढ्या भीत नसत, तेवढ्या पाणी भरणाऱ्या विठाबाईला भीत. शाळेच्या ओसरीत दोन मोठे रांजण होते. त्यांच्यामध्ये पाटावर विठाबाई बसायची, हातात लांब दांड्याचं पितळी ओगराळं. एका मुलीला एका वेळेला एक ओगराळं. दुसरं मागितलं तर विठाबाई आधी त्या मुलीच्या ओठांकडं बघायची, मग रांजणाकडं, आणि मगच ठरवायची. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी थेट रांजणात पेला बुडवायला हात घातला. विठाबाईनं त्यांचं मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाली, "सायेब, रांगंत या." साहेब रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढं चौथीच्या अकरा मुली होत्या.

तिचं सगळं आयुष्यच पाण्यामागं गेलेलं. माहेरची विहीर संक्रांतीला आटायची, सासरची शिवरात्रीला. नवरा कोंडीराम अबोल माणूस. सहा एकर कोरडवाहू, चार शेळ्या. दोन्ही मुली लग्न होऊन परंड्याकडं दिलेल्या. पोलिस ॲक्शननंतर दोन वर्षांनी गावात मुलींची शाळा निघाली, तेव्हा विठाबाई तिथं लागली आणि रोज अर्ध्या कोसावरच्या आडावरून पाणी आणू लागली. तेरा वर्षांत तिच्या नजरेला असं वळण लागलं की कुठल्याही पाण्याकडं बघून ते किती माणसांना किती दिवस पुरेल हे ती सांगायची, आणि त्यात एका तांब्याचाही फरक पडायचा नाही.

शाळेत प्रेमलाबाई नावाच्या मास्तरीण होत्या. तुळजापूरच्या, चांगल्या घरच्या, पस्तिशीच्या आसपासच्या. लग्न करायचं राहून गेलेलं. भाड्याच्या खोलीत एकट्या राहत, चष्मा लावत, आणि क्वचितच हसत. त्यांना एकच नाद होता, वर्तमानपत्रांतल्या स्पर्धांचा. एकोणीसशे त्रेसष्टच्या फेब्रुवारीत 'चंद्रकोर दंतमंजन'वाल्यांनी एक स्पर्धा काढली. 'आम्ही चंद्रकोर दंतमंजन वापरतो, कारण' एवढं छापलेलं होतं, पुढचं आपण लिहायचं. प्रेमलाबाईंनी मधल्या सुट्टीत ओसरीत बसून मोत्यांच्या माळा, चांदण्यांची आभा असलं पुष्कळ काही लिहून खोडलं.

"काय लिवायलात येवढं?" विठाबाईनं विचारलं. ती स्वतः राखुंडीनं दात घासायची.

प्रेमलाबाईंनी सांगितलं.

"त्यात काय इचार करायचा? लिवा की, एका तांब्यात सात लेकरांच्या चुळा हुतेत म्हून."

प्रेमलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. दुसरं काही सुचतच नव्हतं, म्हणून त्यांनी भाषा शुद्ध करून तेच लिहिलं आणि पाठवून दिलं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. पहिलं बक्षीस. दोन माणसांना कोकणात, खारवेळच्या समुद्रकाठावर, 'लहरी निवास' नावाच्या हॉटेलात चार दिवस मुक्काम. समुद्राकडं तोंड असलेली खोली, दोन वेळचं जेवण, चहा-फराळ. सोबत एक रंगीत कागद होता. त्यावर एक बाई रंगीबेरंगी छत्रीखाली आरामखुर्चीत रेलून बसलेली, पायापाशी निळं पाणी, आणि तिच्या दोन्ही हातांत काहीसुद्धा नाही. विठाबाई त्या हातांकडंच बघत राहिली.

"वाक्य तुमचं आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्हीच चला माझ्याबरोबर."

तुळजापूरहून प्रेमलाबाईंचे थोरले भाऊ अंबादास ही बातमी ऐकून तातडीनं यष्टीनं आले. "दोघींनीच? आणि समुद्रावर?" असं त्यांनी तीनदा विचारलं. जणू समुद्र म्हणजे कुणी वाईट चालीचा गृहस्थ होता. कोंडीरामला विचारलं तर त्यानं शेळीचं दूध काढता काढता "जा की" एवढंच म्हटलं. विठाबाईनं मात्र निघण्याआधी एक गोष्ट सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी जाहीर केली. "चार दिस म्या घागरीला शिवनार न्हाय. बादलीला न्हाय, कळशीला न्हाय. बसून ऱ्हानार."

मे महिन्यात दोघी निघाल्या. बार्शीपर्यंत यष्टी, तिथून कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाईटची छोटी आगगाडी, जिच्याबरोबर दोन शेतांपर्यंत एक कुत्रं आरामात पळत आलं, मग पुण्याची मोठी गाडी, आणि शेवटी घाट उतरणारी यष्टी. घाटात दोघींनाही मळमळलं. पण खाली उतरल्यावर वाऱ्याला ओलसर वास यायला लागला, तशी विठाबाई खिडकीतून नाक बाहेर काढून बसली ती खारवेळ येईपर्यंत.

'लहरी निवास'च्या दारात जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं, एक तंबोरा, आणि सगळ्यांच्या मध्ये मॅनेजर नारायणराव. कानावर पेन्सिल आणि तोंडात एकच वाक्य, "हो हो, बघतो." कुणी काहीही विचारो, नारायणराव बघतोच म्हणत आणि दुसरीकडंच बघत. प्रेमलाबाईंनी बक्षिसाचं पत्र पुढं केलं.

"सौभाग्यवती प्रेमला आणि श्रीयुत विठाबा," नारायणरावांनी वाचलं. "बरं बरं. यजमान मागाहून येताहेत वाटतं?"

"म्याच इठाबा," विठाबाई म्हणाली.

नारायणरावांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"शेवटची ई राहिली आहे," प्रेमलाबाईंनी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं. "आणि मी सौभाग्यवती नाही, कुमारी आहे. दोन चुका आहेत."

"व्हय, पर ई ऱ्हायली म्हून खोली बदलत न्हाय," विठाबाईनं पुस्ती जोडली.

खोली बदललीच होती. समुद्राकडची खोली सकाळी एका लग्नाच्या वऱ्हाडाला दिलेली. लग्न लागून चार दिवस झाले होते, पण वऱ्हाड घरी जायचं नाव घेत नव्हतं. दोघींच्या वाट्याला मागची खोली आली. तिच्या भिंतीपलीकडं स्वयंपाकघर होतं, आणि तिथं दिवसभर खोबरं वाटणं चाले. खोलीत खाट एकच, तिलाही एका पायाखाली वीट. खिडकी उघडली तर बाहेर नारळाच्या सोडणांचा ढीग, खिडकीपेक्षा उंच. ट्रंक खाटेवर ठेवून त्यावर चढलं तर ढिगाच्या वरून बोटभर निळं काहीतरी दिसायचं. विठाबाई चढून बघून आली.

"हाय," ती म्हणाली. "समुद्र हाय तितं. फसवलं न्हाय."

प्रेमलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. रंगीत कागद त्यांनी महिनाभर उशीखाली जपला होता. त्यांनी वही काढली आणि दंतमंजनवाल्यांना तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. तोवर जेवणाची घंटा झाली. पहिल्या पंगतीत जागा नव्हती, दुसरीतही नव्हती. तिसरीत भात होता, भातावर गोड आमटी होती, आणि मग पुन्हा भात होता. भाकरी मागितल्यावर वाढपी लांबून प्रवास करून आलेल्या पाहुण्याकडं बघावं तसा बघत राहिला.

"चार दिस हाईत, बाई," विठाबाई बोटं चाटत म्हणाली. "रुसायला येक दिस फुरं. चला, पानी बघून येऊ."

ऊन उतरताना दोघी किनाऱ्यावर गेल्या. आरामखुर्च्या होत्या, छत्र्याही होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर कुणाचा ना कुणाचा रुमाल पसरलेला. सकाळीच येऊन टाकून जातात, असं कळलं. विठाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या सवयीनं तिनं नजर टाकली, हे पाणी किती माणसांना किती दिवस पुरेल. नजर गेली ती गेलीच. डावीकडं गेली, उजवीकडं गेली, समोर गेली, कुठंच काठ लागेना. तिला भोवळल्यासारखं झालं. तिनं प्रेमलाबाईंचा दंड धरला.

"बाई, येवढं पानी, आन् राखायला कुनीच न्हाय?"

मग ती वाकली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. क्षणभर तिचा चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा झाला, आणि मग तिला हसू फुटलं. साधं हसू नाही, पोटातून उठणारं. "नासवलं," ती म्हणायची आणि हसायची. "समदं नासवून ठिवलं." हसता हसता ती वाळूत बसली. तेवढ्यात एक लाट आली आणि तिची एक वहाण घेऊन गेली. ती ओरडते न ओरडते तोच दुसरी लाट आली आणि एक वहाण ठेवून गेली. ती तिची नव्हती. पुरुषाची होती, कातडी, जवळजवळ नवी. मग मात्र प्रेमलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून खांदे हलवायला लागल्या. उरलेले दिवस विठाबाई ती दोन जातींची जोडी घालूनच हिंडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शहाळं मिळालं. पाणी झाडाच्या शेंड्यावर, कुणाचा हात पुगणार नाही अशा जागी, एकेका माणसापुरतं मोजून बंद करून ठेवलेलं बघून तिला फार समाधान वाटलं. शहाळं संपवून ती व्हरांड्याच्या पायरीवर हात मोकळे सोडून बसली, अगदी त्या कागदावरच्या बाईसारखी. आणि तेव्हाच हॉटेलातलं पाणी गेलं.

पंपाची मोटार जळाली होती. हॉटेलात सत्तरच्या वर माणसं, वरची टाकी नऊ वाजताच कोरडी. न्हाणीघरांतून एकेक माणूस बाहेर यायला लागला. वरपिता वसंतराव पंचा नेसून अंगभर साबण लावलेले, डोळे गच्च मिटून "पाणी, पाणी" करत बोळातून चाचपडत आले आणि तंबोऱ्याला धडकले. बँकेतले चार कारकून तोंडात दंतमंजनाचा फेस घेऊन उभे होते. चूळ भरता येईना आणि बोलताही येईना. समुद्रात पहाटे डुंबून आलेल्या बायका अंगावर मीठ फुलल्यामुळं कराकरा खाजवत होत्या. नारायणराव कोठीत जाऊन आतून कडी लावून बसले. दार वाजवलं की आतून आवाज येई, "हो हो, बघतो."

विठाबाई पायरीवरून हलली नाही. तिनं आपल्या आळीला शब्द दिला होता. पण बोळाच्या टोकाला खालच्या हौदाला एक तोटी होती, आणि हौदात थोडं पाणी उरलेलं. एक तरुण बाई त्या धारेखाली पायाची वाळू धूत उभी होती. सावकाश, एकेक बोट करून. पाणी वाहत होतं, वाळूत मुरत होतं. विठाबाईनं डोळे मिटून घेतले, तरी आवाज येतच होता. प्रेमलाबाई सांगत, त्या वेळी विठाबाईच्या कानशिलावरची शीर उडताना त्यांना स्पष्ट दिसली.

ती उठली आणि तिनं तोटी बंद केली.

"अहो, माझे पाय," ती बाई म्हणाली.

"पाय घरी बी धुता येतेत," विठाबाई म्हणाली. मग ती कोठीच्या दारापाशी गेली. "मालक, दार उगडा. हीर कुठं हाय?"

दार किलकिलं झालं. मागच्या पोफळीच्या वाडीत एक गोड्या पाण्याची विहीर होती, जुना रहाटही होता, पण मोटार आल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. विठाबाई विहिरीच्या काठावर ओणवी झाली. तिनं एक खडा टाकला, आवाज ऐकला, काठावरचं शेवाळ बघितलं. "दीड पुरूस खोल पानी. सत्तर माणसं. माझ्या हिशोबानं वापरलं तर परवा सकाळपतुर पुरंल. तुमच्या हिशोबानं दुपारी संपंल."

"तुमच्या हिशोबानं," नारायणराव घाईघाईनं म्हणाले. पहिल्यांदाच ते काही बघतो म्हणाले नाहीत.

"पर म्या बादलीला शिवनार न्हाय. म्या हितं बसायला आलीय. खुर्ची आना."

किनाऱ्यावरून एक आरामखुर्ची आली, रुमालासकट. छत्रीही आली. विहिरीजवळ छत्री रोवून विठाबाई खुर्चीत बसली, एक पाय बायकी वहाणेत, एक पुरुषी, आणि हातात पोफळीची काठी. बँकेच्या कारकुनांना तिनं रहाटावर लावलं. आधी एकेक चूळ दिली, मग कामाला जुंपलं. वसंतरावांना डोळे धुवायला दोन तांबे मिळाले, आणि साबण काढायला अर्धी बादली. अर्धीच का म्हणून ते हटून बसले. आपण तहसीलीत कोण आहोत हे त्यांनी सांगितलं.

"आसाल की," विठाबाई म्हणाली. "तुमास्नी पाऊन देते. पर मंग त्या म्हाताऱ्या बाईला पाव ऱ्हाईल. तुमीच जाऊन सांगा तिला."

वसंतरावांनी म्हाताऱ्या बाईकडं पाहिलं. ती त्यांची स्वतःची आई होती. त्यांनी अर्धी बादली उचलली.

प्रेमलाबाई वही घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि हजेरी घ्यावी तशी नावं पुकारू लागल्या. दहा वाजेपर्यंत रांग सरळ झाली, अकरापर्यंत लोकांना मजा यायला लागली. नवरदेव रहाट ओढायला लागला तसं नवरीनं नाव घ्यावं म्हणून बायकांनी गलका केला. तिनं लाजत लाजत उखाण्यात विहिरीचं आणि विठाबाईचं दोन्ही नाव गुंफलं. वऱ्हाडाबरोबर एक सनईवाला होता, त्यानं पोफळीला टेकून सनई सुरू केली. तंबोऱ्याचे गवई सुरात सूर मिसळू गेले ते जमेना, पण थांबलेही नाहीत. आचाऱ्यानं विठाबाईला खुश करायला कुठून तरी तांदळाचं पीठ काढून भाकऱ्या थापल्या. त्या पांढऱ्या नि मऊ होत्या. "जवारीची सर न्हाय," असं म्हणत तिनं चार खाल्ल्या. माणसं आंघोळ करून जागा सोडेनात. ओल्या केसांनी, कोपऱ्याकोपऱ्यानं गप्पा मारत बसली. आदल्या दिवशी खुर्चीवरून भांडलेली दोन कुटुंबं एकाच शहाळ्यात दोन नळ्या घालून पीत होती. विठाबाई काठीनं ताल धरून मधूनच कुणाला तरी दरडावायची. तिला वाटत होतं आपण जमिनीपासून वीतभर वर बसलोय. उभा जन्म तिनं पाणीच वाटलं होतं, पण एवढे शिकलेले, चष्मेवाले, पंचेवाले पुरुष पाणी ओढायलेत आणि आपण सावलीत बसलोय, हे तिनं सपनातसुद्धा बघितलं नव्हतं. तिच्या शब्दाबाहेर एक थेंब सांडला नाही. आणि बादलीला तिनं बोटही लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी महाडहून मिस्त्री आला. मोटार सुरू झाली, नळांना पाणी आलं, आणि अर्ध्या तासात विहिरीवर कावळासुद्धा उरला नाही. विठाबाई जेवून परत आली तर छत्री नेलेली, खुर्ची किनाऱ्यावर, आणि तिच्यावर एक नवा रुमाल. ती पायांची बाई तोटी सोडून पुन्हा पाय धूत होती. वसंतराव समोरून गेले, पण त्यांना ओळख लागली नाही. नारायणरावांना प्रेमलाबाईंनी समुद्राकडच्या खोलीचं विचारलं. "हो हो, बघतो," ते म्हणाले.

प्रेमलाबाई फणफणत खोलीत आल्या. विठाबाई सोडणांच्या ढिगाकडं तोंड करून बसली होती. तिला थोडं लागलं होतं. तिनं वहाणा काढून एकीवर एक ठेवल्या.

"चला," प्रेमलाबाई एकदम म्हणाल्या.

"कुठं?"

"पाण्यात. आपण इथं येऊन तीन दिवस झाले आणि घोट्याच्या वर भिजलो नाही."

"बाई, तुमचं लुगडं? तुमचा चष्मा?"

प्रेमलाबाईंनी चष्मा काढून ट्रंकेवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांपलीकडचं दिसत नसे, त्यामुळं वाटेत कोण बघतंय याची त्यांना फिकीर उरली नाही. दोघी कासोटे खोचून, हात धरून पाण्यात शिरल्या. पहिल्या लाटेनं गुडघे मोडले, दुसरीनं बसवलं, तिसरीनं उलटं केलं. नाकातोंडात मीठ गेलं. विठाबाई उठली की प्रेमलाबाई पडायच्या, प्रेमलाबाई उठल्या की विठाबाई. "धरा मला," एकीनं म्हणावं आणि दुसरीनं तिला घेऊनच आडवं व्हावं. प्रेमलाबाई हसत होत्या, मोठ्यानं, शिंकल्यासारख्या, आणि त्यांना थांबताच येत नव्हतं. मधूनच त्यांनी धुक्यातून येणाऱ्या एका उंच आकाराला "जरा हात द्या हो" म्हटलं, तो बँकेतला कारकून निघाला, आणि तोही पडला. सूर्य पार खाली टेकेपर्यंत दोघी बाहेर आल्या नाहीत. विठाबाईनं त्या पाण्याकडं पुन्हा मापायच्या नजरेनं पाहिलं नाही. पाठीवर पडून ती त्यावर तरंगायचा प्रयत्न करत होती, आणि एकदा, पाच आकडे मोजेपर्यंत, तिला ते जमलं.

चौथा दिवस अंग दुखण्यात गेला. निघताना प्रेमलाबाईंनी चार पानी तक्रारपत्र तिथल्याच डाकपेटीत टाकलं. खोली, खाट, वीट, भात, सगळं सुवाच्य अक्षरात. पुढं जूनमध्ये दंतमंजनवाल्यांचं उत्तर आलं, दिलगिरीचं, आणि सोबत दंतमंजनाचे सहा डबे.

भूमच्या यष्टी स्टँडवर कोंडीराम न्यायला आला होता. "कसं हुतं?" त्यानं विचारलं. विठाबाईनं खोली सांगायला सुरुवात केली आणि मध्येच समुद्रात शिरली. रस्त्यात माणसं थांबायला लागली. लाट कशी येते हे दाखवायला तिनं बोचकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पसरले. प्रेमलाबाई एरवी रस्त्यानं मान खाली घालून जायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, डोळे गच्च मिटले आणि साबण लावलेले वसंतराव बोळातून कसे आले ते चालून दाखवलं. भर बाजारात शाळेच्या मास्तरीणबाई चाचपडत चाललेल्या बघून त्यांच्याच वर्गातल्या दोन मुली दुकानाच्या फळीआड बसून हसून हसून लाल झाल्या.

विठाबाईनं पुढं अकरा वर्षं शाळेत पाणी भरलं. प्रेमलाबाईंची बदली सहासष्टमध्ये कळंबला झाली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की विठाबाई यष्टीनं कळंबला जायची, सोबत ज्वारीच्या भाकरी बांधून. दोघी शाळेमागच्या लिंबाखाली बसायच्या. आतल्या वर्गात परीक्षा चालू असली की तिथल्या मुख्याध्यापिका बाहेर येऊन त्यांना आवाज कमी करायला सांगत. मग दोघी माना खाली घालून गप्प बसायच्या, आणि मुख्याध्यापिकेची पाठ वळायच्या आत पुन्हा सुरू व्हायच्या.